झऱ्यावरची हरकत

विपुल संखेला एक वस्तू लोकांना फुकट द्यायची होती आणि त्याला लागणारी परवानगी काही केल्या मिळत नव्हती.

"विकत असता तर सोपं होतं," कंपनीच्या मनुष्यबळ विभागातल्या भावना मॅडम म्हणाल्या. "विकणाऱ्याला काढून टाकायचं, असा नियम आहे. फुकट वाटणाऱ्याचं काय करायचं, ते कुठेच लिहिलेलं नाही."

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी बाटल्यांची झाकणं बनवायची आणि विपुल तिथे यंत्रांच्या देखभालीला होता. त्याच्या नेमणूकपत्रात एक कलम होतं. नोकरीत असताना कर्मचारी जे काही शोधेल, लिहील किंवा बनवेल, त्यावर हक्क कंपनीचा. सही करताना विपुलने ते वाचलं नव्हतं. नोकरी लागल्याच्या आनंदात कोणीच वाचत नाही, आणि पुढे वाचावं लागतं तेव्हा आनंद उरलेला नसतो.

वस्तू म्हणजे संगणकाचा एक लहानसा प्रोग्राम होता. विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, बाजारात मिळणाऱ्या साध्या मीटरने तपासायचं आणि आकडे मोबाइलवर टाकायचे. मग प्रोग्राम त्यांची रेघ काढून दाखवायचा. पाणी बरं असेल तर हिरवी, नसेल तर लाल. पामच्या वाडीतल्या घरच्या विहिरीसाठी विपुलने तो लिहिला होता. त्याच वर्षी त्याचे वडील पोटाच्या आजाराने गेले होते. आजार पाण्यामुळे झाला असं डॉक्टर म्हणाले नव्हते आणि झाला नाही असंही म्हणाले नव्हते. विपुलला रविवारी काहीतरी करत राहायला हवं होतं, इतकंच. प्रोग्रामचं नाव त्याने 'झरा' ठेवलं. पहिल्या रविवारी रेघ लाल आली, ती पुढे कधी हिरवी झाली नाही.

मग मराठवाड्यातल्या एका संस्थेला कुठूनसा त्याचा सुगावा लागला आणि त्यांनी विचारलं, आम्ही वापरू का? विपुलने ठरवलं की एकेकाला हो म्हणत बसण्यापेक्षा 'झरा' सगळ्यांनाच मोकळा करून टाकावा. संगणकवाल्यांमध्ये त्यासाठी तयार परवाने असतात. वस्तू कोणीही घ्यावी, आत उघडून बघावी, बदलावी, पुढे द्यावी, असं त्यात लिहिलेलं असतं. शिवाय रेघ काढण्याचा भाग विपुलने कुणा परदेशी माणसाच्या अशाच मोकळ्या प्रोग्राममधून उचलला होता, आणि त्याची एकच अट होती, माझं घ्या, पण पुढे देताना असंच मोकळं द्या. म्हणजे 'झरा' द्यायचाच तर मोकळाच द्यायला हवा होता. कंपनी मात्र मोकळं काही सोडत नसे. उन्हाळ्यात पंखासुद्धा सही घेऊन सोडायची.

"मुंबईच्या कायदा विभागाचं उत्तर आलंय," भावना मॅडम म्हणाल्या. "तुम्ही बाहेरच्या वकिलाकडून हा परवाना तपासून आणायचा. वस्तूची मालकी निर्वेध आहे, म्हणजे तिच्यावर दुसऱ्या कोणाचा दावा नाही, असा त्याचा लेखी अभिप्राय हवा. मग हक्क सोडायचा का नाही ते मुंबई ठरवेल."

"आणि नाही सोडला तर?"

"तर तो प्रोग्राम कंपनीच्या कपाटात राहील." मॅडमनी जरा विचार केला. "कपाट चांगलं आहे आपलं. वाळवी लागत नाही."

घरी त्याची बायको स्वाती हे ऐकून म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं पुण्य करायला? मागे विहीर बंद करू म्हणालात, तर दिनूकाका बोलायचे थांबले. आता हे फुकट देऊ म्हणताय. आता कोण थांबतंय बघू."

दिनूकाका म्हणजे दिनानाथ संखे, विपुलच्या वडिलांचे थोरले भाऊ. वाडी दोघा भावांत वाटली गेली, पण विहीर मधोमध असल्याने सामाईक राहिली. वडिलांच्या तेराव्याला विपुलने विहिरीचं पाणी पिणं बंद करू या असा विषय काढला, आणि काका ताटावरून उठले. आपल्या बापाने खणलेल्या विहिरीला पोरगं विष म्हणतंय, एवढंच त्यांनी ऐकलं. तेव्हापासून त्यांनी विपुलशी शब्द बोलणं टाकलं होतं. रोज सकाळी मात्र तो अंगणात असेल तेव्हाच ते विहिरीवर यायचे, पोहरा ओढायचे आणि उभ्याने तांब्याभर पाणी पिऊन जायचे.

स्वातीच्या माहेरच्यांच्या ओळखीने पालघरला ललित वर्तक नावाच्या वकिलांचं नाव मिळालं. सगळं आयुष्य त्यांनी जमिनीच्या दाव्यांत घालवलं होतं. नुकताच निकाल विरुद्ध गेल्यासारखा त्यांचा चेहरा असायचा, आणि बहुतेक वेळा तो गेलेलाच असायचा.

"मिळकत कुठे आहे?" त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं.

"माझ्या लॅपटॉपमध्ये."

"चतुःसीमा?"

"नाहीत."

"म्हणजे मोजणी झालेली नाही." वकिलांनी ते लिहून घेतलं. "देणार कोणाला?"

"सगळ्यांना."

"सगळे म्हणजे? नाव, वय, राहणार?"

"जो घेईल तो, साहेब. जगात कोणीही."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "बक्षीसपत्रावर घेणाऱ्याची सही लागते हो. जगाची सही मी कुठून आणू?"

विपुलने पुन्हा पहिल्यापासून समजावलं आणि परवान्याचे इंग्रजी कागद त्यांच्यापुढे ठेवले. माणूस उदास असला तरी कामचुकार नव्हता. पुढच्या भेटीला त्या कागदांवर समासात बारीक पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"हे ज्याने लिहिलंय त्याला अक्कल होती," वर्तक म्हणाले. "ही वहिवाट आहे. वाट सगळ्यांची. कोणीही यावं, जावं, गाडी न्यावी, वाटेवर मुरूम टाकावा. फक्त मधेच कुंपण घालून माझी म्हणायचं नाही. आपल्या लोकांना हे एवढं कळलं असतं तर माझी निम्मी प्रकरणं मिटली असती." ही कल्पना त्यांना सुखाची वाटली की दुःखाची, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. "परवान्यात खोट नाही. प्रश्न तुमचा आहे. तुम्ही मालक कशावरून?"

"मी स्वतः लिहिलाय."

"असं सगळेच म्हणतात. जाहीर नोटीस द्यावी लागेल."

"प्रोग्रामची? पेपरात?"

"मालकी निर्वेध असल्याचं लिहून पाहिजे ना कंपनीला? नोटीस दिल्याशिवाय मी कोणाला निर्वेध म्हणत नाही. माझ्या बायकोने फ्लॅट घेतला तेव्हा तिलाही म्हटलं नव्हतं."

नोटीस त्यांनी नीट विचार करून, शुद्ध मराठीत लिहिली. 'ओपन सोर्स'ला 'मुक्त स्रोत' म्हणतात हे त्यांनी मुद्दाम शोधून काढलं. 'संगणकीय आज्ञावली' हे शब्दही त्यांनी घातले होते. पण जिल्ह्याच्या त्या दैनिकात चौकट ठरलेल्या मापाची असते आणि मजकूर थोडा जास्त भरला. छपाईवाल्याने कात्री लावली. कापताना माणूस जे कळतं ते ठेवतो आणि कळत नाही ते गाळतो, तसंच त्यानेही केलं. छापून आलं ते असं:

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे पाम, ता. जि. पालघर येथील श्री. विपुल संखे यांनी स्वकष्टाने निर्माण केलेला 'झरा' हा मुक्त स्रोत ते सर्व जनतेस कायमस्वरूपी व विनामोबदला खुला करीत आहेत. त्यातून कोणीही घ्यावे, त्यात भर घालावी व पुढे वाटावे. सदर झऱ्यावर कोणाचा वारसा, वहिवाट, गहाण वा अन्य हितसंबंध असल्यास मुदतीत लेखी हरकत घ्यावी."

स्वातीने ते चहा गाळताना वाचलं आणि गाळणं तसंच हातात धरून बाहेर आली. "अहो, हे काय छापलंय?"

विपुलने वाचलं. पहिल्यांदा त्याला हसू आलं. मग फाटकाशी भांड्याला भांडं लागल्याचा आवाज झाला आणि ते जिरलं.

फाटकाबाहेर पाड्यावरच्या बायका उभ्या होत्या. डोक्यावर हंडे, कमरेला कळश्या. पुढे जमुना होती. ती पूर्वी वाडीत चिकू उतरवायला यायची, म्हणून ओळखीची.

"मास्तरनं पेपर वाचून दाखवला," ती म्हणाली. "झरा कुठं हाय?"

"झरा नाहीये, मावशी. तो प्रोग्राम आहे."

जमुनाने मागे वळून बायकांना सांगितलं, "कारेक्रम हाय म्हनतो." मग विपुलला म्हणाली, "होऊ दे तुमचा कारेक्रम. आमी बसतो. झाला की भरू."

आणि त्या खरंच चिकूच्या सावलीत बसल्या. विपुलने त्यांच्यापुढे उकिडवं बसून मोबाइल दाखवला, पाणी मोजण्याची रीत सांगितली, ती आपण सगळ्यांना फुकट देतोय हेही सांगितलं. बायकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. पाण्यासाठी एवढं चालून आल्यावर भाषण ऐकावं लागतं, याची त्यांना सवय होती.

"ती विहीर तर हाय," जमुना शेवटी म्हणाली.

"आहे. पण पाणी खराब आहे. पिऊ नका."

जमुना उठून विहिरीत वाकली. "दिसतंय तर बेस."

"दिसतं बेसच."

ती काठावरून मागे वळली. "मंग पेपरात कशाला दिलंस? खराब हाय ते फुकट देतोस व्हय?"

विपुलने मोबाइल खिशात घातला. स्वातीने गाळणं ठेवलं, पदर खोचला आणि घरच्या टाकीतून एकेक हंडा भरून द्यायला सुरुवात केली. नळाचं पाणी एक दिवसाआड यायचं. टाकी संपली तेव्हा रांगेत बायडी नावाची एक म्हातारी उरली होती. तिची कळशी अर्धीच भरली.

"उद्या येऊ?" तिने विचारलं.

"उद्या नाही, आजी."

बायडीने मान हलवली, कळशी काखेला लावली आणि निघाली. ती चिडली असती तर विपुलला जरा बरं वाटलं असतं. पण उद्या नाही ही बातमी तिला फार जुनी असल्यासारखी ती गेली.

दुपारी सरावलीच्या चाळींमधले कामगार सायकलींना कॅन बांधून आले. "भाईसाब, वो फ्रीवाला पानी किधर मिलेगा?" त्यांना परत पाठवताना विपुलला स्वतःच्याच फाटकात पहारेकरी झाल्यासारखं वाटलं. संध्याकाळी नाक्यावर तरुण मंडळाने फलक लावला, 'झऱ्याचे निर्माते विपुलशेठ यांचे हार्दिक अभिनंदन!' फोटो मिळाला नाही म्हणून लग्नाच्या आल्बममधला मुंडावळ्या बांधलेला लावला होता. स्वातीला अर्ध्यावर कापलं होतं. तिचा एक कान तेवढा राहिला होता.

"माझा काही हितसंबंध दिसत नाही यात," फलक बघून स्वाती म्हणाली.

हे सगळं दिनूकाका आपल्या ओटीवरून बघत होते. बायका विहिरीत वाकल्या, पोरं सायकली घेऊन आली, आणि पेपरात विहिरीला 'स्वकष्टाने निर्माण केलेला झरा' म्हटलेलं. पुतण्याने आधी विहिरीला विष म्हटलं आणि आता तीच स्वतःच्या नावावर करून परस्पर दान केली! काका पालघरला गेले, त्यांनी आपला वकील केला आणि वर्तकांच्या टेबलावर हरकत येऊन पडली. सदर झरा वडिलोपार्जित व सामाईक असून त्यात आमचा निम्मा हिस्सा आहे. विपुल याने तो निर्माण केल्याचे म्हणणे धादांत खोटे आहे. तो निर्माण झाला तेव्हा विपुल निर्माण व्हायचा होता.

विपुल धावत पालघरला गेला. वर्तक हरकत पुन्हा पुन्हा वाचत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा तरतरी होती.

"आली," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं. मिळकत आहे म्हणजे चुलता असणारच."

"साहेब, काकांची हरकत विहिरीवर आहे!"

"नोटीस कशाची होती?"

"प्रोग्रामची."

"मग हरकतही प्रोग्रामवरच. मी ती दडवू शकत नाही. अभिप्रायात लिहावी लागेल."

त्यांनी लिहिली. 'परवाना निर्दोष आहे. तथापि मिळकत वडिलोपार्जित व सामाईक असल्याची चुलत्यांची हरकत प्राप्त झाली आहे.' ते पाकीट विपुलने भावना मॅडमना दिलं आणि झाकणांच्या यंत्रापाशी जाऊन उभा राहिला. यंत्र एका लयीत झाकणं टाकत होतं. इतकी झाकणं जगात जातात आणि आपला एक लहानसा प्रोग्राम जात नाही, असं त्याच्या मनात आलं. रविवारी पुन्हा पाणी भरायचं की सोडून द्यायचं, याचाही त्याने विचार केला. रेघ काय येणार ते ठाऊकच होतं.

बऱ्याच दिवसांनी मॅडमनी बोलावलं.

"मुंबई घाबरली," त्या म्हणाल्या. "पूर्वी एकदा गोदामाच्या जागेवरून कंपनी कुणाच्या तरी घरच्या भांडणात सापडली होती. ते प्रकरण अजून चालू आहे. ज्यांनी भांडण काढलं ते गेले, त्यांची नातवंडं येतात तारखांना. तुमच्या अभिप्रायात 'चुलते' शब्द वाचला आणि साहेबांना जेवण गेलं नाही म्हणे. हे घ्या."

पत्रात लिहिलं होतं की, वडिलोपार्जित सामाईक मिळकतीत कंपनीला स्वारस्य नाही. 'झरा' यावरील कोणताही हक्क, असल्यास, कंपनी कायमचा सोडून देत आहे. याविषयी पुन्हा पत्रव्यवहार करू नये.

विपुलने ते दोनदा वाचलं. तो सरळ माणूस होता आणि सरळ माणसाला आयत्या वेळी खरं बोलायची हुक्की येते. "मॅडम, पण ती जमीन नाहीये. काकांचा गैरसमज झालाय. तो प्रोग्राम—"

"विपुल," मॅडमनी हात वर केला. "मला समजावू नका. मला समजलं तर मला त्यांना कळवावं लागेल."

वर्तकांनी पत्र उजेडात धरून पाहिलं. इतकं निखळ हक्कसोडपत्र त्यांनी बऱ्याच काळात पाहिलं नव्हतं. "आता फक्त काका राहिले," ते म्हणाले.

"काकांना सांगतो ना, तुमची हरकत चुकून आली म्हणून."

"तसं लिहून दिलंत, तर ज्या हरकतीवर कंपनीने हक्क सोडला तीच खोटी ठरली. मग कंपनी परत आलीच."

"मग काय करू?"

"काकांचं म्हणणं मान्य करा. निम्मा प्रोग्राम त्यांचा. परवान्यावर दोघांनी सह्या करा."

"साहेब, काकांना मोबाइलवर फोन घेता येतो. ठेवता येत नाही!"

"मालकाला नांगर धरता आला पाहिजे असा काही नियम नाही," वर्तक म्हणाले. "असता तर निम्मा जिल्हा ओस पडला असता."

काकांच्या घरात विपुल वडिलांच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच शिरला. काका ओटीवर सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण आत जाऊन तांब्या-पेला आणला आणि पेला भरून त्याच्यापुढे ठेवला.

"पी."

पाणी स्वच्छ होतं. तळाचं नक्षीकाम दिसत होतं.

"नको, काका."

"बाप प्याला ना तुजा?"

"प्याले," विपुल म्हणाला.

काकांनी पुन्हा उचललेला अडकित्ता हातात तसाच उघडा राहिला. थोड्या वेळाने विपुलने मोबाइल काढला आणि कुठून सुरुवात करावी ते न कळून सगळ्यात आधी रेघ दाखवली.

"हा झरा. नोटीस याची होती. विहिरीची नव्हती."

काकांनी चष्मा लावला. "लाल काय हाय ते?"

"आपलं पाणी."

"हितपासून हितपरेंत?"

"हो."

"मंदी कुठं हिरवं नाय झालं?"

"नाही."

काका रेघेवरून बोट फिरवत राहिले. बोट फिरवल्याने पडदा सरकत होता, पण रेघ काही संपत नव्हती. "आनि हे तू जगाला दाखवनार," ते म्हणाले. "माज्या बापाची, आप्पांची विहीर अशी हाय म्हनून."

"आपल्या विहिरीचं नाव कुठेच जाणार नाही, काका. फक्त मोजायची रीत जाईल. ज्याला आपलं पाणी बघायचंय त्याने बघावं. त्याला तुमची सही लागते. तुम्ही निम्मे वाटेकरी आहात, हरकतीत तसं लिहिलंय तुम्ही."

"निम्मा म्हंजे मला काय मिळनार?"

"काही नाही. फुकट द्यायचंय."

"म्हंजे शेतीसारकंच," काका म्हणाले आणि त्यांनी पेनासाठी हात पुढे केला. टोपण काढून मात्र थांबले. "नाव कुनाचं आधी?"

"तुमचं घाला."

"घालनारच. मोटा मी हाय."

अशा रीतीने 'झरा' मोकळा झाला. त्याच्या माथ्यावर हक्कदार म्हणून आधी दिनानाथ संखे आणि मग विपुल संखे असं लिहिलं होतं. विपुलने मोठ्या उमेदीने मराठवाड्यातल्या संस्थेला कळवलं. त्यांचं आभाराचं उत्तर आलं. वाट बघून बघून त्यांनी दुसरंच काहीतरी घेतलं होतं.

त्यानंतर कोणी फिरकलं नाही. पावसाळा गेला. नाक्यावरचा फलक उन्हाने पांढरा पडला आणि स्वातीचा कानही दिसेनासा झाला. काका मात्र रविवारी कुंपणाशी येऊन उभे राहायचे.

"कोनी नेला?"

"नाही, काका."

"फुकट असून?"

"फुकट असून."

"माल खराब आसंल," काका म्हणायचे आणि परत जायचे. विहिरीवर ते पूर्वीसारखेच यायचे, पोहरा ओढायचे. पाणी पीत होते की झाडांना घालत होते, हे विपुलने बघायचं टाळलं होतं.

थंडी सरता सरता एक पत्र आलं. ओडिशातल्या कुठल्याशा खेड्यातल्या शाळेच्या बाईंनी इंग्रजीत लिहिलेलं, आणि पहिलं नाव बघून सरळ काकांनाच उद्देशून. विपुल लॅपटॉप घेऊन ओटीवर गेला.

"तुमचं पत्र आहे."

काकांनी आधी सदऱ्याची बटणं लावली. "वाच."

विपुलने मराठी करत वाचलं. "आदरणीय दिनानाथजी, आपला झरा आम्ही आमच्या शाळेच्या विहिरीसाठी वापरला. रेघ लाल येते आहे. पण पाणी काचेसारखं आहे. ही विहीर माझ्या आजोबांनी खणली, सगळं गाव तिच्यावर वाढलं. आपल्या प्रोग्राममध्ये काही चूक असेल का? कृपया तपासून कळवावं."

काकांनी नजर वाडीकडे वळवली. समोर चिकूची पानं हलत होती आणि त्यांच्यामधून विहिरीचा काठ दिसत होता.

"तू तपासलंस?"

"तपासलं. चूक नाही."

"मंग तसं लिव. चूक नाय म्हनावं."

विपुलने लिहिलं.

"पोरांना ते पानी देऊ नका म्हनावं."

विपुलची बोटं थांबली. त्याने काकांकडे पाहिलं. काका त्याच्याकडे बघत नव्हते.

"माज्या तोंडाकडं काय बघतोस? पत्र कुनाला आलंय? लिव."

विपुलने तेही लिहिलं. 

"आनि आजोबाला बोल लावू नका म्हनावं," काका म्हणाले. "त्याच्या टायमाला गोड व्हतं."